पॅसेज, स्टूल आणि वायफाय

गोष्ट गेल्या डिसेंबरातली, म्हणजे २०२५ च्या. शुक्रवारी रात्री साडेदहाला मालाडच्या हापिसातून मेट्रोने दहिसरला परत आलो, लॅच उघडलं, तर समोर बाबा. म्हणजे अक्षरशः दारातच. चपलांच्या कपाटाशेजारी आईचं माळ्यावरचे डबे काढायचं स्टूल, स्टुलावर बाबा, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि डोक्याच्या वर दीड-दोन फुटांवर भिंतीला लटकलेला राउटर.

"इथे काय करताय?"

"काही नाही, सोसायटीचे मेल बघतोय."

"इथे?"

"इथे वारा चांगला येतो."

आमच्या पॅसेजला खिडकी नाही. पंखा नाही. वारा आलाच तर तो लिफ्टच्या डक्टमधून येत असणार. पण मी दिवसभराच्या कॉल्सनी पिकलेलो होतो. "बरं" म्हटलं, बूट काढले (त्यासाठी बाबांनी पाय वर उचलून मला जागा करून दिली), आणि जेवायला बसलो.

जेवताना आई म्हणाली, "वारा कसला डोंबलाचा! तू दिवाळीत त्या लॅपटॉपचं काय ते केलंस ना, तेव्हापासून तिथेच बसतात. आत इंटरनेट येत नाही म्हणे."

दिवाळीत! म्हणजे जवळजवळ दोन महिने. आमटीभात घशाखाली उतरेना..

थोडं मागे जातो. हा लॅपटॉप २०१६ चा. मी इंजिनिअरिंगला असताना बाबांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला. माझ्या सगळ्या असाइनमेंट्स, फायनल इयरचं प्रोजेक्ट आणि (अभ्यासाच्या नावाखाली) बरेचसे सिनेमे याच्यावरच झाले. नोकरी लागली, कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि हा बाबांकडे गेला. तीन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी टाकली, रॅम वाढवली, आणि म्हातारा पुन्हा पळायला लागला.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा पाचव्या पिढीचा. बाबांनी स्क्रीनवरची सूचना दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे धडधाकट वस्तू आता फेकायची?"

मी म्हटलं, फेकायची कशाला, लिनक्स टाकतो. पाडव्याच्या दिवशी लिनक्स मिंट टाकलं. हाय काय नाय काय, पाऊण तासात काम तमाम. मराठी कीबोर्ड चालला, लिबरऑफिस चाललं. बाबांना शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिबरऑफिसवरचे मराठी धडे काढून दिले. वायफायसुद्धा पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. मी अभिमानाने लॅपटॉप बंद केला आणि फराळाकडे वळलो. टिकेट क्लोज्ड.

फक्त एक गोष्ट. अपडेट्स पटापट उतरावेत म्हणून मी हे सगळं हॉलच्या टोकाला, पॅसेजच्या तोंडाशी बसून केलं होतं. राउटरपासून पाच फुटांवर. बाबा बसतात आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी. तिथे जाऊन बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. हापिसात एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला 'युजर जिथे बसतो तिथे टेस्ट कर रे बाबा' असं लेक्चर दिलं असतं. दिलेलं आहे, खरं तर. दोनदा.

आता बाबांना एवढं इंटरनेट कशाला लागतं? तर बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि लगेच सोसायटीचे सेक्रेटरी झाले. आणि आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय आहे, रिडेव्हलपमेंट. दहिसर पश्चिमेच्या लोकांना वेगळं सांगायला नको. इथे विमानतळ प्राधिकरणाचं हाय फ्रिक्वेन्सी रिसीव्हिंग स्टेशन आहे, ज्याला अख्खं दहिसर 'रडार' म्हणतं. त्याच्यामुळे आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा. उंची नाही म्हणजे वरचे मजले नाहीत, वरचे मजले नाहीत म्हणजे बिल्डरला विकायला काही नाही, म्हणजे जुन्या बिल्डिंगा आपल्या तशाच गळत उभ्या. २०२२ साली राज्य सरकारने हे केंद्र दहिसरहून हलवण्याची घोषणा केली, पुढे गोराईची जागा ठरली, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या फायली घराघरांतून बाहेर आल्या. आमच्या बिल्डिंगची फाईल बाबांकडे आली. मेंबरांची संमतीपत्रं, आर्किटेक्टचे मेल, सभेच्या नोटिसा, सगळं.

म्हणजे गंमत बघा. एका रिसीव्हरमुळे बिल्डिंग वाढेना, आणि दुसऱ्या रिसीव्हरमुळे त्याच बिल्डिंगचा सेक्रेटरी चपलांच्या कपाटाशेजारी!

शनिवारी सकाळी चहा झाल्याझाल्या लॅपटॉप घेऊन आतल्या टेबलाशी बसलो. बाबा मागे उभे. "राहू दे रे, सुट्टी आहे तुझी." मी लक्ष दिलं नाही.

पहिला संशय अर्थातच राउटरवर. पण माझा फोन त्याच टेबलावर ठेवला तर पूर्ण दांड्या. राउटर निर्दोष सुटला.

दुसरा संशय गर्दीवर. हा लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, ५ गिगाहर्ट्झ त्याला माहीतच नाही. आणि बिल्डिंगमध्ये २.४ म्हणजे संध्याकाळची विरार फास्ट. स्कॅन केलं तर २९ नेटवर्क्स दिसली. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर जिथे होता तिथून हलवून त्यातल्या त्यात रिकाम्या ११ वर टाकला. ढिम्म फरक नाही.

तिसरा, वायफाय कुठे बंद तर केलेलं नाही ना? 'आरएफकिल' म्हणालं, नाही. चौथा, ड्रायव्हर नीट चढलाय का? 'एलएसपीसीआय'ने कार्डाचं नाव सांगितलं, आरटीएल८७२३बीई, आणि ड्रायव्हरही त्याच नावाचा, कर्नलच्या सोबतच येणारा. वेगळं काही उतरवायला नको. 'डीमेसेज'मध्ये फर्मवेअर लोड झाल्याची नोंद, एरर एकही नाही. पाचवा, पॉवर सेव्हिंग. लिनक्सवर वायफाय सारखं तुटत असेल तर बऱ्याचदा हाच चोर असतो, कार्ड बॅटरी वाचवायला डुलक्या काढतं. तेही बंद केलं. पुन्हा ढिम्म.

एव्हाना साडेअकरा. आई दोनदा आंघोळीची आठवण करून गेली. डोक्याला नुसता शॉट.

मग शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. अंदाज बंद, मोजमाप सुरू. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये, बाबांच्या स्टुलावर जाऊन बसलो. उणे ५१. झकास. हॉलच्या मध्यावर उणे ७४. आतल्या टेबलाशी उणे ८८. म्हणजे जवळजवळ मेलेलाच. फोन त्याच टेबलावर उणे ५६ दाखवत होता.

(आणि हो, स्टूल अजिबात आरामशीर नाही. पाच मिनिटांत पाठ बोलायला लागली.)

आता हा आकडा बोलका होता. तीन-साडेतीनशे स्क्वेअर फुटांच्या घरात एका भिंतीने एवढं होत नाही. ड्रायव्हर नीट, फर्मवेअर नीट, राउटर नीट, तरी लॅपटॉपला ऐकू येत नाही. बोलणारा ठणठणीत, ऐकणाऱ्याच्या कानात बोळे. म्हणजे भानगड अँटेनाची.

'मॉडइन्फो' नावाची एक कमांड आहे. ड्रायव्हरला बाहेरून फिरवता येतील अशी कुठली बटणं आहेत ते ती सांगते. लावली. यादीच्या एका ओळीत 'अँट सेल' असं बटण. अर्थ: १ किंवा २ लिहा, म्हणजे तो अँटेना सक्तीने वापरला जाईल. काही न लिहिल्यास ०, म्हणजे कार्डाला वाटेल तो.

ड्रायव्हर उतरवला, १ देऊन परत चढवला. उणे ८८. उतरवला, २ देऊन चढवला.

उणे ५२.

मी बाबांकडे बघितलं. बाबा स्क्रीनकडे बघत होते. "काय झालं?"

"झालं!" मी म्हटलं.

३६ डेसिबलचा फरक. डेसिबलच्या हिशोबात दर दहाला दसपट, म्हणजे सिग्नल जवळजवळ चार हजारपट. एक आकडा लिहून! मग 'मॉडप्रोब डॉट डी' नावाच्या फोल्डरात एक एका ओळीची फाईल करून ठेवली, म्हणजे दरवेळी मशीन सुरू होताना २ आपोआप लागू होईल. रीस्टार्ट केलं. उणे ५२. हुश्श.

झालं होतं ते असं. या कार्डावर अँटेनाची वायर खोचायला दोन जागा असतात. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी खर्च वाचवायला एकच अँटेना बसवला. त्यात काही वाईट नाही, एकावर भागतं. पण कार्डावरच्या छोट्या मेमरीत कुठली जागा वापरायची याची नोंद असते, आणि ती नोंद चुकीची. अँटेना एका कानाला आणि साहेब ऐकतायत दुसऱ्या कानाने! राउटरच्या अगदी जवळ असलं की रिकाम्या जागेतूनही थोडं झिरपतं, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटतं. पाच फुटांवर बसलेल्या शहाण्या इंजिनिअरला तर नक्कीच वाटतं. विंडोजमध्ये हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तिथला ड्रायव्हर आपलं आपण सांभाळून घेत होता.

बरं, हे बटण ड्रायव्हरमध्ये आलं कुठून? कर्नलची बरी गोष्ट ही की प्रत्येक ओळीचा जन्मदाखला असतो. कोणी लिहिली, कधी, का. दुपारी आई-बाबा आडवे झाल्यावर उत्सुकतेपोटी शोधलं. २०१६ सालची नोंद. लिहिणारे, लॅरी फिंगर.

नोंदीत कारण अगदी साध्या शब्दांत दिलंय. बरेच नवे लॅपटॉप एकाच अँटेनाचे येतायत, आणि मेमरीतली नोंद दुसरीच जागा दाखवते. लॅपटॉप उघडून वायर हलवता येईल, पण काही ठिकाणी वॉरंटी जाईल, आणि ज्यांच्याकडे विंडोजही आहे त्यांचं तिकडचं बिघडेल. म्हणून हे बटण. वाचून बरं वाटलं. ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर नाही त्याचा विचार आधी केलेला होता.

हे फिंगर मुळात सॉफ्टवेअरवाले नव्हेतच. स्फटिकांचे शास्त्रज्ञ. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत त्यांनी खनिजांच्या रचनेवर काम केलं. तांबं आणि व्हॅनेडियम असलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून 'फिंगराइट' नाव दिलंय. निवृत्तीनंतर, २००५ च्या सुमारास, ते लिनक्सच्या वायफायच्या नादाला लागले.

तो काळ आठवतो का कोणाला? मी तेव्हा शाळेत होतो, पण कॉलेजातल्या सीनियर्सकडून दंतकथा ऐकल्यात. वायफाय चिपच्या बऱ्याच कंपन्या लिनक्ससाठी ना ड्रायव्हर द्यायच्या, ना चिप कशी चालते त्याची माहिती. मग 'एनडीआयएस रॅपर' नावाचं एक जुगाड, ज्यात चक्क विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायचा. दुसरा मार्ग जास्त कष्टाचा. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लोकांनी दोन गट केले. एकाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते फक्त लिहून काढायचं, दुसऱ्याने तो ड्रायव्हर न बघता, नुसतं ते लिखाण वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. नक्कल केल्याचा आळ येऊ नये म्हणून मधे भिंत. असा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिप्सचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

फिंगर या ब्रॉडकॉमच्या कामात होते, आणि नंतर रिअलटेकच्या चिप्सवर वर्षानुवर्षं. शेकडो दुरुस्त्या. लोक आपापल्या लॅपटॉपची रडगाणी घेऊन यायचे आणि हे गृहस्थ त्यांना उत्तरं द्यायचे. आमचं बटण लिहिलं तेव्हा ते पंचाहत्तरीच्या आसपास होते. जून २०२४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी गेले.

म्हणजे मी हे शोधलं तेव्हा त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आभाराचा मेल लिहायला घेतला होता, तो पुसला.

संध्याकाळी चहाला बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा आता आत, आपल्या टेबलाशी. खिडकीतून खरा वारा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्यांना याचे पैसे कोण द्यायचं?"

"कोणी नाही. हौस."

"म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीसारखंच."

मी ठ्ठो करून हसलो. बाबाही हसले. मग मी दिवसभर अडकलेला प्रश्न विचारून टाकला. "बाबा, दोन महिने त्या स्टुलावर बसलात. मला सांगितलं का नाहीत?"

"तू दमून येतोस रे. आणि चालत होतं ना तिथे."

यावर काय बोलणार? हापिसात आमचा नियम आहे, क्लायंटचं पी-वन टिकेट आलं की पंधरा मिनिटांत उत्तर. न्यू जर्सीत कोणाचा रिपोर्ट उशिरा आला तर मी रात्री दोनला उठून बसतो. आणि हा लॅपटॉप ज्यांनी हप्ते भरून मला घेऊन दिला, ते माझ्या बूट काढण्यासाठी पाय उचलून जागा करून देत होते. टिकेट नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही, असं मी कधीपासून धरून चाललो? कुठल्यातरी अनोळखी माणसाने लिहिलेली तक्रार वाचून तिकडे अमेरिकेत एक निवृत्त गृहस्थ कामाला लागले होते. माझ्याकडे तर तक्रार दारातच बसलेली होती, आणि मी तिला ओलांडून जेवायला गेलो.

"अजून काही अडतंय का?" मी विचारलं.

"नाही नाही, मस्त चाललंय."

"बाबा."

बाबांनी जरा वेळ चष्मा पुसला. मग ड्रॉवरमधून त्यांची डायरी काढली, हीच ती रोजच्या भाजीचा हिशोब लिहायची, आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवली. ठळक मथळा, 'लिनक्स', खाली एक रेघ. मग आकडे घालून, तारखांसकट, बाबांच्या त्या बँकेच्या चेकवर शोभतील अशा अक्षरांत, सात मुद्दे.

१. वायफाय आत नाही. (सध्या स्टूल.) - २४ ऑक्टोबर.

२. प्रिंटर एकच बाजू छापतो.

३. जुन्या नोटिसा उघडतात पण अक्षरं चिनी दिसतात.

असं सातपर्यंत.

म्हणजे टिकेट होतं. तारीख-वार होतं. वर्कअराउंडसुद्धा लिहिलेला होता! फक्त मी रांग उघडून बघितली नव्हती.

बाबांनी पेन काढलं, पहिल्या मुद्द्यावर रेघ मारली आणि पुढे तारीख घातली. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "घाई नाही हं. जमेल तसं."

स्टूल आईने त्याच संध्याकाळी उचलून परत माळ्याखाली नेलं. तिचे डबे दोन महिने अडकले होते म्हणे. तेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

असो. रविवार प्रिंटरमध्ये गेला. तिसरा मुद्दा, ती चिनी अक्षरं, जुन्या मराठी फाँटची भानगड आहे. युनिकोडच्या आधीचा फाँट, तो मशीनवर नसला की असाच गोंधळ दिसतो. त्याला अजून दोन शनिवार लागतील असं दिसतंय. झालं की लिहीनच.